डबा टांगला, सुटलो!

आमच्या कलमांत पहिला रक्षक सापळा टांगला, त्या दिवशी मी वाडीभर मिरवलो होतो. आठ दिवसांत डबा माश्यांनी अर्धा भरला. आबांनी तो उघडून बघितला आणि म्हणाले, "हे सगळे नरच मां रे? नर मेले म्हणान मादी गप बसतली काय?"

मी हसलो. मे महिन्यात अढी उघडली तेव्हा हसू जिरलं. वरून सोन्यासारखा हापूस, कापला की आत अळ्यांची वळवळ. मुंबईच्या गिऱ्हाइकाने पेटी परत पाठवली.

आबा चौथी शिकलेले, पण शास्त्र त्यांच्याच बाजूने होतं. सापळ्यातल्या मिथिल युजेनॉलच्या वासाला फळमाशीचा नर भुलतो. मादीला त्याचं फारसं काही नाही. वाचलेला एक नर अनेक माद्यांना पुरतो. म्हणजे जवळजवळ सगळे नर टिपले, तरच उपयोग. शिवाय फळलेली मादी शेजारच्या बागेतून येतेच. माशीला गडगा आडवत नाही.

1960 च्या दशकात प्रशांत महासागरातल्या रोटा बेटावरून हीच माशी याच वासाला विषाची जोड देऊन नामशेष केली. पण तिथे विमानातून अख्ख्या बेटावर तुकडे टाकले होते. आणि आम्ही? दहा बागांत दोन डबे, तेही फोटोपुरते. एका वर्षी तर सरकारी डबे आले जूनमध्ये, आंबा संपल्यावर! आम्हीही निमूट सह्या केल्या. बोळा सुकला तरी बदलतो कोण? मुंबईकर मालकाच्या बागेत गळ कुजत पडते. अळी त्यातून मातीत उतरते, कोष करते आणि नवी माशी होऊन तुमच्याआमच्या कलमावर बसते.

1 मे 2014 पासून युरोपने आपला हापूस अडवला, तो फळमाशीपायीच. आम्ही गोऱ्यांना शिव्या घातल्या. घालताना पायाखाली सडका आंबाच होता.

सापळा खोटा नाही. 'डबा टांगला, सुटलो' ही वृत्ती खोटी. सगळ्या वाडीने एकाच वेळी सापळे लावावेत, बोळे वेळेवर बदलावेत, गळ रोज वेचून खोल पुरावी. याला अनुदान लागत नाही, शेजाऱ्याशी बोलावं लागतं. तेवढंच आम्हाला जड जातं.

आबा सकाळी पाटी घेऊन गडग्यापलीकडची गळसुद्धा वेचायचे. लोक हसायचे. मीही हसायचो. आता ती पाटी माझ्या हातात आहे, आणि हसणारे अजून आहेतच.