‘आधी काम करा’ म्हणणारे

श्री ठाणेदार हे नाव तुमच्या आईबाबांना माहीत असेल. बेळगावात वाढलेले, मुंबई विद्यापीठात केमिस्ट्री शिकून अमेरिकेत गेलेले. ‘ही श्रीची इच्छा’ हे त्यांचं आत्मकथन आपल्याकडे अनेकांनी वाचलंय. आता ते मिशिगनमधल्या डेट्रॉइटचे खासदार आहेत. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी ट्रम्प यांच्याविरुद्ध महाभियोगाची सात कलमं मांडली. मे महिन्यात त्यावर थेट मतदान घ्यायला लावायचं ठरवलं आणि १४ मे रोजी, अगदी मतदानाच्या तोंडावर, माघार घेतली.

त्यांना थांबवलं कुणी? रिपब्लिकनांनी नाही, त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षातल्या लोकांनी. त्याच दिवसांत समित्यांमध्ये रिपब्लिकनांच्या भल्यामोठ्या कर-खर्च विधेयकावर खडाजंगी चालू होती. ‘मेडिकेड’ या गरिबांसाठीच्या आरोग्य योजनेला कात्री लागणार होती. लोकांचं लक्ष तिथून हटू नये, असं पक्षाचं म्हणणं. थोडक्यात काय, तर महाभियोग नंतर, आधी काम.

हे वाचून मला हसू आलं. कारण २०१९ मध्ये हीच तक्रार समोरचा पक्ष करत होता, आणि तीही घसा कोरडा पडेपर्यंत.

तेव्हाचं प्रकरण थोडक्यात असं. ट्रम्प यांनी युक्रेनची सुमारे ३९ कोटी डॉलरची लष्करी मदत रोखून धरली आणि २५ जुलैच्या फोनवर झेलेन्स्कींना बायडेन यांची चौकशी करायला सांगितलं. बायडेन म्हणजे पुढच्या निवडणुकीतले संभाव्य प्रतिस्पर्धी. त्यावरून महाभियोग. इथे एक घोळ आधीच मिटवू या. महाभियोग मंजूर झाला म्हणजे अध्यक्ष घरी गेला असं नाही. प्रतिनिधिगृह साध्या बहुमतानं फक्त आरोपपत्र ठेवतं. खटला चालतो सिनेटमध्ये, आणि तिथे १०० पैकी ६७ मतं लागतात.

अमेरिकेत बरेच खासदार आपल्या मतदारांना दर आठवड्याला पत्र पाठवतात. कुठल्या विधेयकावर कसं मत दिलं, कुठल्या समितीत काय झालं, मतदारसंघात कुणाला भेटलो वगैरे. त्या हिवाळ्यात रिपब्लिकनांचा सूर एकच होता : डेमोक्रॅट्सना काही कामच करायचं नाही, जनतेचा वेळ वाया चाललाय.

मग त्या डिसेंबरचं कॅलेंडरच उघडू या की. १० तारखेला सकाळी महाभियोगाची कलमं जाहीर झाली आणि साधारण तासाभरात त्याच सभापती नॅन्सी पलोसींनी मेक्सिको-कॅनडा व्यापार करारावर ट्रम्प सरकारशी एकमत झाल्याचं सांगितलं. ११ ला संरक्षण विधेयक ३७७ विरुद्ध ४८ मतांनी मंजूर. केंद्रीय कर्मचाऱ्यांना मूल झाल्यावर १२ आठवड्यांची पगारी रजा त्यातच होती. १२ ला औषधांच्या किमतींचं विधेयक. १७ ला सुमारे १.४ लाख कोटी डॉलरच्या सरकारी खर्चाला मंजुरी. १८ ला महाभियोग आणि १९ ला तोच व्यापार करार ३८५ विरुद्ध ४१ मतांनी. आपली सेमिस्टरही इतकी भरगच्च नसते! औषधांचं विधेयक पुढे अडलं हे खरं, पण ते सिनेटमध्ये, जिथे बहुमत रिपब्लिकनांचं होतं. आणि तिथले नेते मिच मॅकॉनेल स्वतःला अभिमानानं ‘ग्रिम रीपर’, म्हणजे विधेयकांचा यमदूत, म्हणवून घेत होते.

तेव्हा ‘कामच होत नाही’ हा आक्षेप निकालात. पण म्हणून रिपब्लिकनांचे सगळेच आक्षेप फालतू होते, असं म्हणून मोकळं होणं मला जमत नाही.

घाईचाच मुद्दा घ्या. व्हाइट हाउसनं महत्त्वाचे साक्षीदार अडवून धरले. डेमोक्रॅट्सनी कोर्टात लढून त्यांना साक्षीला आणायची वाट पाहिली नाही. धोका पुढच्या निवडणुकीलाच आहे, थांबायला वेळ नाही, हे त्यांचं कारण. ठीक. पण १८ डिसेंबरला मंजूर केलेली कलमं पलोसींनी सिनेटकडे पाठवली थेट १५ जानेवारीला! रिक्षावाल्याला ‘लवकर, लवकर’ करायचं आणि स्टेशनावर उतरून चहा पीत बसायचं, त्यातला हा प्रकार. इथे रिपब्लिकनांनी बोट ठेवलं ते बरोबरच होतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार. एकाच पक्षाच्या मतांवर महाभियोग करू नये. १८ डिसेंबरला पहिलं कलम २३० विरुद्ध १९७ असं मंजूर झालं आणि त्यात रिपब्लिकन मत एकही नव्हतं. गंमत म्हणजे हा युक्तिवाद १९९८ मध्ये जोरात मांडणाऱ्यांत एक होते जेरी नॅडलर. तेव्हा आरोपी होते त्यांच्याच पक्षाचे क्लिंटन. २०१९ मध्ये ट्रम्पवरची कलमं ज्या न्यायविषयक समितीतून पुढे गेली, तिचे अध्यक्ष कोण? नॅडलरच. आणि १९९९ च्या खटल्यात क्लिंटनविरुद्ध बाजू मांडणाऱ्या खासदारांपैकी एक होते लिंडसे ग्रॅहम, जे २०२० मध्ये सिनेटमध्ये ट्रम्पची ढाल बनले. वीस वर्षांत दोघांच्या खुर्च्यांची अदलाबदल झाली आणि भाषणांचीही.

तरी हा आक्षेप मला अर्धाच पटतो. ‘दोन्ही पक्षांचा पाठिंबा हवा’ हा नियमच केला, तर अध्यक्षाच्या पक्षानं फक्त एकजूट दाखवायची आणि पाठिंबा नाकारायचा. मग आरोप कितीही गंभीर असो, तो आपोआप ‘पक्षपाती’ ठरणार. म्हणजे किल्ली आरोपीच्याच मित्रांच्या खिशात.

मग खरा आक्षेप कुठला आणि नाटक कुठलं, हे ओळखायचं कसं? मी एक साधी गोष्ट करते. पक्षांची नावं उलटी करून बघते. २०२३ च्या डिसेंबरात रिपब्लिकनांनी बायडेन यांची महाभियोग-चौकशी २२१ विरुद्ध २१२ मतांनी मंजूर केली, तेव्हा ‘वेळेचा अपव्यय’ म्हणत होते डेमोक्रॅट्स. फेब्रुवारी २०२४ मध्ये मंत्री मेयोर्कस यांच्यावर महाभियोग झाला, अवघ्या एका मतानं, २१४-२१३. तेव्हाही तेच. ‘आधी काम’ हे वाक्य या परीक्षेत दर वेळी नापास होतं, कारण ते बोलणारा फक्त आपण कुठल्या बाजूला बसलोय एवढंच सांगत असतो.

या मेयोर्कस प्रकरणात मात्र तीन रिपब्लिकनांनी स्वपक्षाविरुद्ध मत दिलं : केन बक, टॉम मॅक्लिंटॉक आणि माइक गॅलाघर. मॅक्लिंटॉक यांचा मुद्दा सरळ होता. मंत्र्याचं धोरण वाईट आहे, पण वाईट धोरण हा गुन्हा नाही, आणि आज आपण ही वाट पाडली तर उद्या ते आपल्यावर चालून येतील. हे मायग्रेशनबाबत मवाळ वगैरे नव्हेत, मेयोर्कस यांच्यावर जोरदार टीका करणारेच होते. ६ फेब्रुवारीला पहिल्यांदा मतदान झालं, तेव्हा या तिघांमुळेच प्रस्ताव पडला होता. सभागृहातच सहकाऱ्यांनी गॅलाघरना घेरून मत बदलायला सांगितलं. त्यांनी बदललं नाही. चारच दिवसांनी त्यांनी जाहीर केलं की पुढची निवडणूक आपण लढवणार नाही. वय तेव्हा ३९.