कापडाचा अपुरा हिशेब

मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात, भैंसोला येथे, १७ सप्टेंबर २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते 'पीएम मित्र' वस्त्रोद्योग संकुलाची पायाभरणी झाली. २,००० एकरांहून अधिक भूमीवरील या योजनेचे सूत्र पाच टप्प्यांचे आहे: शेत, तंतू, कारखाना, फॅशन आणि परदेश. कापूस पिकविणाऱ्यास भाव व तरुणांस रोजगार मिळणार असेल, तर तिचे आम्ही स्वागतच करू. परंतु या सूत्रात घर कोठेच नाही. कापड विकले की हिशेब मिटला, असे त्यात गृहीत धरलेले दिसते. वस्तुतः खरा हिशेब तेथून सुरू होतो.

गोमंतकातील घरोघरी तो चोख ठेवला जात असे. सणावारी नेसलेले लुगडे पुढे रोजच्या वापरात येई, विरले की त्याची गोधडी होई, बाळाची दुपटी होत आणि अखेरीस जमीन सारवण्याचे पोतेरे. एकच परात पीठ मळण्यास, भाजी निवडण्यास आणि पंगतीत भात वाढण्यास पुरे. तिची कल्हई गेली तर ती पुन्हा करून घेत. परात टाकून देण्याचा विचारही कोणाच्या मनात येत नसे. यास कोणी दारिद्र्य म्हणेल. आम्ही त्यास वस्तूविषयीचा आदर म्हणतो.

धार जिल्ह्यातच बाग हे गाव आहे. तेथील खत्री कारागीर सुती कापडास एरंडेल, मीठ व शेळीच्या लेंड्यांचे मिश्रण लावतात, हरड्याचे पाणी देतात, तुरटी व लोहक्षाराचे ठसे उमटवितात, नदीच्या वाहत्या पाण्यात ते धुतात आणि धावडीच्या फुलांसह उकळून रंग पक्का करतात. हे कापड मूलतः परिसरातील आदिवासी स्त्रियांच्या रोजच्या घागऱ्यासाठी होते. १९६०च्या दशकात स्वस्त कृत्रिम कापड आले आणि अनेकांनी हा व्यवसाय सोडला. काही घराण्यांनी तो टिकविला. २००८ मध्ये त्यास भौगोलिक मानांकनही लाभले. आज तेच कापड साडी, ओढणी, पलंगपोस, पडदा अशा अनेक रूपांनी घरात वावरते.

धारप्रमाणेच पवारांची जुनी राजधानी असलेल्या, इंदूरपलीकडील देवासला नोटांचा सरकारी छापखाना आहे. आपल्या नोटेचा कागदही कापसापासूनच होतो. म्हणूनच ती असंख्य हातांतून फिरूनही तग धरते. पैसा टिकावा म्हणून सरकार जी दक्षता घेते, तिचा अंश तरी त्या पैशाने घेतलेल्या वस्तूच्या बाबतीत आपण का घेऊ नये?

लोकांनी कमी खरेदी केली तर कामगारांनी काय खावे, असा प्रश्न विचारला जाईल. तो रास्त आहे. परंतु शिवणारा, रफू करणारा, रंगविणारा, कल्हई लावणारा हेही कामगारच आहेत, आणि टिकाऊ वस्तूच त्यांना काम देते. दोन धुण्यांत विटणारे कापड फक्त कचरा वाढविते.

शासनाने धारच्या संकुलात बागच्या कारागिरांस मानाचे स्थान द्यावे. शाळांनी टाका घालण्याचे शिक्षण मुलींप्रमाणे मुलांसही द्यावे. आणि ग्राहकाने दुकानात किंमत विचारताना मनाशी आणखी एक प्रश्न विचारावा: या वस्तूचा दुसरा उपयोग कोणता, आणि तिसरा कोणता? उत्तर सापडत नसेल, तर ती वस्तू कितीही स्वस्त असली तरी महागच समजावी.