झोंबीचे दोन अर्थ : जिवंत प्रेतांच्या कथांतील उपहास आणि जगण्याचा हक्क

‘झोंबी’ हा शब्द उच्चारला की मराठीच्या अभ्यासकाला प्रथम आनंद यादव यांची १९८७ मधील आत्मचरित्रात्मक कादंबरी आठवते. तेथे झोंबी म्हणजे शिक्षणासाठी दारिद्र्याशी आणि प्रत्यक्ष जन्मदात्याशी केलेली झटापट. पुढे चित्रपटांच्या वाटेने त्याच उच्चाराचा दुसरा शब्द मराठीत आला. हा झोंबी म्हणजे मेलेला तरी चालणारा, भुकेपलीकडे काहीही न उरलेला देह. दोन्ही शब्दांची कुळे वेगळी आहेत. तथापि जगण्यासाठीची झटापट हे आशयसूत्र दोहोंना समान आहे. मराठी समीक्षेने मात्र पहिल्या झोंबीला अभ्यासक्रमात स्थान दिले आणि दुसऱ्याकडे उसनी करमणूक म्हणून पाठ फिरवली. हा पंक्तिप्रपंच तपासून पाहणे आवश्यक आहे.

झोंबी ही कल्पना हैतीतील गुलामगिरीच्या अनुभवाशी निगडित आहे. मृत्यूनेही सुटका होणार नाही, प्रेत होऊनही मालकाच्या मळ्यात राबावे लागेल, ही गुलामाच्या मनातील परम भीती होय. १९६८ साली जॉर्ज रोमेरो या अमेरिकन दिग्दर्शकाने या प्रेतांना नरभक्षक झुंडीचे रूप दिले आणि १९७८ च्या चित्रपटात ती झुंड एका भव्य व्यापारी संकुलात आणून सोडली. जिवंतपणी जेथे खरेदीला यायचे, तेथेच ती माणसे मेल्यावरही घिरट्या घालतात, यातील उपहास उघड आहे. म्हणजेच सामाजिक भाष्य हे या प्रकारावर मागाहून चढवलेले कलम नसून त्याचे मूळच आहे.

मराठी परंपरेला जिवंत प्रेत अपरिचित आहे, असेही नाही. वेताळपंचविशीतील वेताळ प्रेतात वास करतो. पण तो राजाला खात नाही, प्रश्न विचारतो. न्याय कोणता आणि कोणाच्या पदरी पडावा, याचे उत्तर दिल्याखेरीज राजाची सुटका नाही. सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’ (१९७४) या नाटकातील मृत भाऊरावही गप्प बसत नाहीत. कीर्तनाच्या थाटात ते आपल्याच मरणाचे आख्यान लावतात आणि जुन्याच स्मशानात दहन व्हावे, असा हट्ट धरतात. देह नासत जातो, चाळकरी उपचार उरकण्याच्या घाईत असतात आणि या विसंगतीतून मध्यमवर्गीय जगण्याचा पोकळपणा उघडा पडतो. नासलेला कोण, प्रेत की त्याच्या भोवतीची माणसे, हा संभ्रम हीच त्या नाटकाची खरी भीती आहे. पाश्चात्त्य झोंबी मुका असतो, तर मराठी प्रेत बोलते आणि काही मागते. हा भेद मूल्यमापनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘झोंबिवली’ (२०२२) हा चित्रपट या पार्श्वभूमीवर पाहावा. उंच इमारतीतील नवे सुखवस्तू घर, शेजारची झोपडपट्टी आणि बाटलीबंद पाण्याचा कारखाना ही त्याची भूमी. डोंबिवलीतील औद्योगिक वसाहतीत २०१६ आणि २०२४ साली रासायनिक कारखान्यांत भीषण स्फोट झाले. त्या शहराच्या संदर्भात कारखान्यातून उद्भवणारा अनर्थ ही केवळ कविकल्पना उरत नाही. रोमेरोच्या व्यापारी संकुलाची जागा येथे पाण्याने घेतली, यात रूपांतरकारांची जाण दिसते. अमेरिकन उपहासाचा रोख अतिरिक्त उपभोगावर होता. येथील उपहासाचा रोख मूलभूत गरजेच्या विषम वाटपावर आहे. उसन्या रूपबंधाचे देशीकरण म्हणतात ते हेच. गोव्याच्या पार्श्वभूमीवरील ‘गो गोवा गॉन’ (२०१३) या हिंदी चित्रपटात पर्यटकांची मौज केंद्रस्थानी आहे आणि स्थळ बव्हंशी पडद्यासारखे मागे राहते. त्या तुलनेत ‘झोंबिवली’तील स्थळ कथेच्या कारणपरंपरेत सामील आहे.

असे असले तरी या चित्रपटाची मर्यादाही नोंदवली पाहिजे. अनर्थाचे खापर मुख्यतः कारखाना आणि त्याच्या लोभी चालकांवर फुटते. खलपुरुष सापडला की प्रेक्षक निर्धास्त होतो. कुंपणाच्या आतल्या सुखवस्तू रहिवाशाला विनोदाचे चिमटे बसतात, पण त्याच्यावर आरोप ठेवला जात नाही. ‘महानिर्वाणा’त चाळीला अशी सुटका मिळत नाही. प्रश्न विचारण्याचे काम ‘झोंबिवली’त जिवंत पात्रांकडे गेले आहे. प्रेते मुकी राहिली आणि कालपर्यंत पाण्यासाठी रांगेत उभी असलेली माणसे क्षणात निव्वळ धोका ठरली. येथे उपहासाची धार बोथट होते.

जगण्याच्या कथेची कसोटी दाराशी लागते. दार कोणासाठी उघडले आणि कोणाच्या तोंडावर लावले, यावरून त्या समाजाची नीती कळते. दक्षिण कोरियाच्या ‘ट्रेन टू बुसान’ (२०१६) मध्ये एका डब्यातील प्रवासी संसर्गाच्या भयाने दुसऱ्या डब्यातून जीव वाचवून आलेल्यांना आत घेत नाहीत. तो प्रसंग २०२० नंतर कल्पित वाटत नाही. महासाथीच्या काळात मुंबई-पुण्यातील अनेक गृहसंकुलांनी घरकामगार स्त्रियांना फाटकाबाहेर रोखले. भांडी घासणारे हात हाच जणू रोग ठरला. या अनुभवाला मराठी कथात्म साहित्याने अजून पुरेसे रूप दिलेले नाही.

असे फाटक केवळ डोंबिवलीत किंवा महासाथीतच असते असे नाही. पनवेललगतची करंजाडे ही सिडकोची वसाहत या दृष्टीने लक्षणीय आहे. नवी मुंबई विमानतळासाठी दहा गावे उठली. त्यांतील अनेक कुटुंबांचे पुनर्वसन करंजाडे, वडघर आणि पुष्पकनगर या परिसरात झाले. विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. करंजाड्यातील पाणीटंचाईच्या तक्रारी मात्र त्याआधीपासूनच्या आहेत. विस्थापित भूमिपुत्र आणि कर्ज काढून घर घेतलेला नवा रहिवासी येथे एकाच अपुऱ्या पाण्यावर अवलंबून आहेत. टंचाईत दोघे एकत्र येतात की आपापल्या टाकीला कुलूप लावतात, या प्रश्नात झोंबी-कथेचे सारे नाट्य सामावलेले आहे. त्यासाठी प्रेते उठण्याचीही गरज नाही. याच भूमीच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये झालेल्या आंदोलनात गोळीबार झाला आणि पाच जणांना हौतात्म्य आले. ज्या प्रदेशात मृतांचे स्मरण हीच जिवंतांच्या हक्काची मागणी असते, तेथे बोलणाऱ्या प्रेताची कथा परकी कशी म्हणावी?

झोंबी-कथेतील रक्तपात भडक असतो, तिचा विनोद पुष्कळदा स्वस्त असतो, हा आक्षेप खोटा नाही. परंतु सुमार कलाकृती हे प्रकार नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. तसे असते तर ग्रामीण कथेचाही अभ्यास झाला नसता. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भयकथेला उदंड वाचक लाभले, अभ्यासक त्या मानाने थोडे. पदव्युत्तर वर्गांत ‘महानिर्वाण’ आणि ‘झोंबिवली’ शेजारी ठेवून शिकवले गेले, तर उपहास कोठे टोकदार होतो आणि कोठे केवळ हसवून सोडून देतो, याचे भान विद्यार्थ्याला येईल. अशा कथेला विचारायचा प्रश्न साधा आहे : तिच्यातील मृतांना काही मागणे उरले आहे काय? उरले नसेल, तर ती केवळ शिकारीची कथा होय. उरले असेल, तर ती यादवांच्या ‘झोंबी’ची दूरची का होईना, सगोत्र ठरते.