मीठ, मीठा आणि आपला चौका



मागच्या चातुर्मासात आमच्या घरी चौका लागला होता. संघ उत्तरेकडचा, बोलणं सगळं हिंदीत. आदल्या संध्याकाळी संघातल्या दीदींचा फोन आला, "महाराजजी का मीठे का त्याग है." फोन घेतला माझ्या धाकट्या जाऊबाईंनी. त्या आत येऊन म्हणाल्या, "आक्का, महाराजांचं मीठ बंद आहे बरं का."

झालं. सकाळी मुगाचं वरण अळणी, दुधीची भाजी अळणी. मला वाटलं, सगळंच अळणी, निदान एक तरी पदार्थ रुचीचा असावा, म्हणून गूळ घालून गव्हाची खीर केली. पडगाहन आमच्याच दारी झालं. केवढा आनंद! पण खिरीचा चमचा पुढे केला की महाराजांची अंजुली मिटायची. मौन असल्यामुळे ते बोलणार नाहीत, आणि दीदी त्या वेळी दुसऱ्या चौक्यात. अळणी वरण, भाजी, ताक आणि पाणी घेऊन आहार झाला. दुपारी कळलं की त्याग गोडाचा होता. मीठ चाललं असतं.

दीदी "कोई बात नहीं" म्हणाल्या. घरातली मुलं अजून त्यावर हसतात. मला हसू येत नाही. दिवसातून एकदाच, उभ्यानं, हातात घेतलेला तो आहार. त्यात आमच्या एका शब्दानं गोंधळ घातला.

मीठ आणि मीठा हे शब्द एकाच आईचे म्हणतात, पण एक खारट निघाला आणि एक गोड. आपल्या षड्रसांत दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ हे सहा. म्हणजे सहातले दोन रस या एका शब्दात अडकलेले. आपल्या मराठीत मीठ नसलं की अळणी, गोडी कमी असली की अगोड. हिंदीत दोन्हीला 'फीका' म्हणून भागतं. मी बी. कॉम. केलं तेव्हा शिकवलं होतं की रक्कम चुकीच्या खात्यात गेली तरी तेरीज जुळू शकते. बेरीज बरोबर दिसते आणि हिशेब मात्र चुकलेला असतो. आमच्या चौक्याचं तसंच झालं.

आपले नियम पदार्थाच्या नावानं घेतलेले असतात, म्हणून नाव नीट कळायला हवं. अरहर म्हणजे आपली तूर. मी कितीतरी वर्षं अरहर आणि अरबी एकच समजत होते. अरबी म्हणजे अळवाचा कंद, आपल्याला वर्ज्यच! दलिया म्हणजे गव्हाचा भरडा. आमच्या शेजारणीनं दलिया सांगितल्यावर चिवड्यात घालायचं डाळं आणून ठेवलं होतं. कलौंजीला तर कित्येक किराणा दुकानांत सरळ 'कांद्याचं बी' म्हणतात, म्हणून आपल्या बायका ती नको म्हणतात. तिचा कांद्याशी काही संबंध नाही, ते झाडच वेगळं.

हे झालं पाहुण्यांच्या भाषेचं. मला जास्त काळजी आपल्याच घरातल्या भाषेची वाटते. सुना-नाती आता फोडणीला तडका म्हणतात, कोशिंबिरीला रायता म्हणतात. म्हणू द्या, पण शब्द एकटा येत नाही, सोबत पदार्थ घेऊन येतो. कोशिंबीर म्हटलं की काकडी किसली जाते. रायता म्हटलं की आचारी दह्यात बुंदी टाकून मोकळा होतो. कच्चं दही आणि हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, म्हणजे द्विदल! गेल्या वर्षी एका लग्नात आपल्याच पंगतीत ते वाढलं, आणि निम्म्यांनी खाल्लं. कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

मी हिंदीच्या विरोधात नाही. आपले किती तरी ग्रंथ आणि प्रवचनं हिंदीतूनच पोचतात. आणि आपण मराठवाड्याच्या लेकी, 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यातला मुलूख. आपलं भगुणं काय अस्सल मराठी आहे? हिंदीवाले त्याला भगोना म्हणतात. ते आपल्यात मुरलं आणि आपलं झालं. पण भगुणं आलं म्हणून पातेलं गेलं नव्हतं. आता एक आलं की दुसरं हद्दपार होतं.

आपल्या जिल्ह्यातलं कुंथलगिरीचंच बघा. आचार्य शांतिसागर महाराजांनी 1955 मध्ये तिथं सल्लेखना घेतली. त्यांचा शेवटचा उपदेश मराठीत आहे. त्याच कुंथलगिरीच्या खव्याला अलीकडे भौगोलिक मानांकन मिळालं, तेही 'खवा' याच नावानं. आणि आमच्या नाती दुकानात जाऊन मावा मागतात! भूम तालुक्यातला दुकानदारही "मावा किती देऊ?" असं विचारायला लागला, तेव्हा मात्र मी म्हटलं, "दादा, मला खवाच द्या."

काही शब्दांना तर हिंदीत जोडच नाही. येसर कशाला म्हणाल? कण्या? वेळ अमावस्येची भज्जी नातीला सांगितली तर तिला कांदाभजी आठवली. शेतातल्या कोपीपुढे बसून उंडे आणि भज्जी खाल्ल्याशिवाय तो शब्द कळायचाही नाही. या वर्षी तिला घेऊन जाणार आहे. परीक्षा मध्ये आली नाही तर.

तोवर मी एक काम केलं आहे. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या आत कागद चिकटवला. डावीकडे आपला शब्द, उजवीकडे हिंदी. दोडका, तोरई. ओवा, अजवाइन. साय, मलाई. लाटणं, बेलन. चाळण, छलनी. सगळ्यात वर लाल शाईनं मीठ, नमक. आणि त्याखाली गोड, मीठा. संघाचा फोन आला की आता कागदासमोर उभं राहूनच बोलायचं, असं जाऊबाईंचं नि माझं ठरलं आहे. सध्या त्रेचाळीस शब्द झालेत. तुमच्याकडे चौक्यात असे घोटाळे झाले असतील तर कळवा, कागदाला खाली जागा आहे.