शिदोरी आणि तांब्या

आमच्या एका वाचक भगिनींचे चिरंजीव मार्गशीर्षात मित्रांसमवेत महाड-पोलादपूरच्या डोंगरांत पायी हिंडावयास जाणार आहेत. ढवळ्याहून चंद्रगडावरून आर्थर सीटपर्यंत चढावयाचे आणि मागाहून रायगड करून परतावयाचे, असा बेत आहे. चिरंजीवांनी दुकानातून आणलेल्या सामानाची यादी भगिनींनी आमच्याकडे धाडली असून, यांतले खरोखर लागते ते कोणते, अशी पृच्छा केली आहे. यादीत एकात एक बसणारी तीन पातेली आहेत, घडीची शेगडी आहे, दुमडता पेला आहे, आणि चमचा, काटा व सुरी ही तिन्ही एकाच दांड्यावर वागविणारे एक आयुध आहे. खाद्याच्या रकान्यात मात्र ‘वाटेत मिळेल ते’ एवढेच लिहिले आहे. पाठवणी अशी उलटी झालेली पाहून उत्तर येथेच द्यावे असे आम्हांस वाटले.

त्या आयुधाची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. चमचा, काटा आणि सुरी एकत्र जोडण्याच्या कल्पनेचे पेटंट अमेरिकेत सॅम्युअल फ्रान्सिस नावाच्या गृहस्थाने १८७४ साली घेतले. स्वित्झर्लंडच्या सैनिकांस १८९१ पासून जो चाकू मिळू लागला, त्याने डबाही उघडे आणि बंदुकीचे स्क्रूही फिरत. पाठीवर ओझे वाहणाऱ्या मनुष्यास एका वस्तूकडून तीन कामे करून घ्यावीशी वाटणे स्वाभाविकच आहे. आपल्या वडीलधाऱ्यांनी हाच विचार तांब्याच्या ठायी केला. काशीस जाणाऱ्या यात्रेकरूच्या झोळीत फिरकीचा तांब्या असे. झाकण फिरवून बसविले की पाणी सांडत नसे. गळ्यास दोरी बांधली की आडातून पाणी शेंदता येई. तीन धोंड्यांवर ठेवला की मूठभर तांदूळ शिजत. आणि त्यावर पालथे घातलेले फुलपात्र हेच पिण्याचे भांडे. चौथे भांडे म्हणजे पळसाची पत्रावळ. ती वाहून आणावी लागत नसे आणि धुवावीही लागत नसे.

परंतु जुने ते सर्व चांगले असे समजून कोणी माळ्यावरचा पितळी तांब्या काढून गडावर नेऊ नये. पितळेस कल्हई नसेल तर त्यात आंबट पदार्थ कळकतो. ताक, चिंच, आमसुलाचे पाणी यांतील आम्ल तांब्याचा अंश ओढून घेते आणि पिणाऱ्यास मळमळ व ओकाऱ्या होतात. कोकणच्या वाटेवर आमसूल तर हवेच. अॅल्युमिनियमच्या भांड्यातही आंबट फार वेळ राहू देऊ नये. तेव्हा स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा, स्टीलचाच एक पेला आणि पाण्याची दणकट बाटली, इतके पुरे. शेगडीवाचून दोन दिवस कसे निभतात ते पुढे सांगतो.

आता चमच्याविषयी. पाच बोटांसारखे दुसरे बहुगुणी आयुध नाही, असे उत्तर आमच्या पिढीच्या ओठांवरच असते. घरी ते खरे आहे. ढवळ्याहून वर निघाल्यावर पाणी मोजून वापरावे लागते, आणि हाताने जेवणारास जेवणाआधी व जेवणानंतर मिळून निदान अर्धा तांब्या पाणी हातांसाठीच खर्चावे लागते. चमचा दोन घोटांत विसळून होतो. म्हणून चिरंजीवांचा चमचा आम्ही मंजूर करतो. काट्याने काय खावयाचे आहे ते मात्र आम्हांस उमगलेले नाही.

खाद्याकडे वळू. वाटेत उपयोगी पडते ते पाथेय. हा शब्द आणि आतिथेय हा शब्द पाणिनीने एकाच सूत्रात, एकाच प्रत्ययाने साधला आहे, हे आम्ही वर्गात शिकवीत असू तेव्हा मुलांस गंमत वाटे. मेघदूतातील राजहंससुद्धा कैलासाकडे निघताना कमळाच्या कोवळ्या देठांची शिदोरी घेतात. ओझ्याच्या दृष्टीने ही निवड मुळीच शहाणपणाची नव्हे, कारण देठात बहुतेक पाणीच. पण हंसांस कोणी बोलावे!

आपण मात्र हिशेब पाहावा. शंभर ग्रॅम भाजक्या शेंगदाण्यांतून साडेपाचशेहून अधिक कॅलरी मिळतात आणि तेवढ्याच गुळातून पावणेचारशेच्या आसपास. शिजलेल्या शंभर ग्रॅम भातातून सुमारे एकशेतीसच मिळतात, कारण त्याचे बहुतांश वजन पाण्याचे असते. अर्थात शिजवून नेलेले अन्न म्हणजे पाठीवर वाहिलेले पाणी, आणि तेही पिता न येणारे. म्हणून सातूचे पीठ, गूळ, शेंगदाणे, गुळपापडीच्या वड्या आणि पातळ पोहे एवढ्यांवर दोन दिवस निभतात. सातूचे पीठ आधीच भाजलेले असते. पेल्यात पाणी, गूळ आणि पीठ कालविले की जेवण झाले. पोह्यांस मेतकूट, मीठ व कच्चे तेल चोळून लावावे. ते चुलीवाचून होतात. या डोंगरउतारांवर नाचणी पिकते. तिचे भाजलेले पीठही असेच चालते.

दशमीचा मान वेगळा आहे. पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवून केलेली पोळी ती दशमी. पाण्याने भिजविलेले ते खरकटे, त्यास शिवाशिवीचा दोष. दुधात भिजविलेले तसे नव्हे, असा संकेत होता. त्यामुळे बाहेर अन्नास हात न लावणाऱ्या ब्राह्मणासही चालता चालता दोन घास खाता येत. वस्तुतः दुधात शंभरांस सत्त्याऐंशी भाग पाणीच असते. दशमी मऊ राहते ती दुधातल्या स्निग्धांशामुळे, आणि नीट भाजली तर दोन दिवस खाण्याजोगी राहते. शास्त्रकारांस हे पाणी दिसले नसेल असे आम्हांस वाटत नाही. वाटसरू उपाशी राहू नये म्हणून त्यांनी तिकडे डोळेझाक केली असावी.

ही उदारता किती आखूड होती, ते महाडातच दिसले. मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली बोले यांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्यास सांगितले होते. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर आंबेडकर आणि त्यांचे हजारो सोबती चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले, तेव्हा त्यांच्यावर मारहाण झाली आणि मागाहून पंचगव्याने तळ्याची शुद्धी करण्यात आली. मुंबईच्या उच्च न्यायालयाचा निकाल तळे सर्वांचे असा लागावयास १९३७ साल उजाडले. आमच्याच पंडितांनी स्वतःच्या वाटसरूस दुधाची पळवाट काढून दिली आणि शेजाऱ्यास साधे पाणी नाकारले. या सदरात हे अस्थानी आहे असे काही वडीलधाऱ्यांस वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. भांड्यांचा विषय काढावयाचा आणि भांडे कोणाचे हा प्रश्न टाळावयाचा, हे जमण्यासारखे नाही.

आणि तो प्रश्न चिरंजीवांस वाटेत पडणारच आहे. वाडीतल्या घरी धनगर किंवा कातकरी बाई हंड्यातले पाणी पुढे करील, कदाचित नाचणीची भाकरीही देईल. तिच्याच पेल्याने प्यावे, स्वतःचा दुमडता पेला बाहेर काढू नये, आणि भाकरीचे दाम तिच्या हाती न मागता द्यावे. उन्हाळ्यात वाडीचे पाणीही दुरून डोक्यावरून आलेले असते, हे ध्यानी ठेवून बाटल्या तेथे भरून घेऊ नयेत. त्या पायथ्याच्या गावीच भराव्या.

पाण्यासंबंधी आणखी एक गोष्ट. रायगडावर १९९६ पासून दोरवाट चालू असली तरी चौदाशेंहून अधिक पायऱ्या पायी चढणारे पुष्कळ असतात, आणि मार्गशीर्षातही कोकणात घाम सुटतो. नुसत्या पाण्याने घामातून गेलेले मीठ भरून येत नाही. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण जुलाबावर डॉक्टर सांगतात. थकलेल्या चढणाऱ्यासही ते लाभते. चमचे चहाचे, मीठ त्याहून अधिक नको. त्यात दोन आमसुले चुरडली तर मुले आनंदाने पितात.

महाडकरांस ही शिदोरी गडासाठीच लागते असे नाही. २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीचे पाणी शहरात शिरले, माणसे वरच्या मजल्यांवर अडकली, वीज गेली, रस्ते बंद झाले. आणि त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. चूल पेटविता येत नाही अशा वेळी डाळ-तांदळाच्या भरलेल्या कणग्या निरुपयोगी असतात. म्हणून नदीकाठच्या घरांतील सुनाबाळींस आमचे सांगणे आहे की ज्येष्ठ सरता सरता एक घट्ट झाकणाचा डबा सातूचे पीठ, गूळ, शेंगदाणे, मीठ आणि आमसुले यांनी भरावा आणि तो तळघरात किंवा माजघरात न ठेवता वरच्या माळ्यावर ठेवावा. सोबत एक पेला, एक चमचा आणि झाकणाच्या कळशीत पिण्याचे पाणी असावे. पाणी दर चार दिवसांनी बदलावे. पीठ महिन्याने हुंगून पाहावे. खवट वास आला तर नवे दळावे, आणि चांगले असेल तर श्रावणात पोरांस खाऊ घालून डबा पुन्हा भरावा.