‘तो विषय नको’

गेल्या मे महिन्यात वाईला माहेरी सगळे जमलो होतो. आमरसाचं जेवण झालेलं, पुरुषमंडळी पडवीत लवंडलेली, आम्ही बायका मागची आवराआवर करतोय, आणि एकदम बाहेरून आरडाओरडा. मला वाटलं, निघाला नेहमीसारखा जमिनीचा विषय. जाऊन बघते तर दादा आणि त्याचा मुलगा हमरीतुमरीवर आलेले. कशावरून? तर ‘क्वीन’ या इंग्लंडच्या रॉक बँडचा सगळ्यात चांगला अल्बम कुठला यावरून!

वाईच्या वाड्यात असलं भांडण म्हटल्यावर तुम्हाला हसू येईल. पण आमच्याकडे हे खूळ जुनं आहे आणि त्याचं कारण पसरणीचा घाट. घाट चढून गेलं की पाचगणी, आणि पाचगणीत सेंट पीटर्स शाळा. झांझिबारमध्ये 1946 साली जन्मलेला फारोख बलसारा नावाचा पारशी मुलगा आठ वर्षांचा असताना, 1955 मध्ये या शाळेच्या वसतिगृहात आला. तिथेच तो पियानो शिकला, तिथेच त्याचा ‘फ्रेडी’ झाला, आणि 1958 मध्ये, बाराव्या वर्षी, चार दोस्तांना घेऊन त्याने ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. 1963 मध्ये तो आईवडिलांकडे परत गेला. पुढच्याच वर्षी झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि ते कुटुंब जीव मुठीत धरून इंग्लंडला पळालं. 1970 मध्ये लंडनला ‘क्वीन’ सुरू झाला तेव्हा फारोख बलसाराचा फ्रेडी मर्क्युरी झाला होता.

आता एवढं सगळं आपल्या घाटाच्या डोक्यावर घडलंय म्हटल्यावर दादाची छाती फुगणारच. ‘आमच्या पाचगणीचा पोरगा’ हे त्याचं पालुपद. (पाचगणीच्या पोराला पाचगणीची किती आठवण होती, असं मी एकदा विचारलं होतं. दोन दिवस बोलला नाही माझ्याशी.)

दादाची मतं पक्की आहेत. पुण्याला कॉलेजात असताना त्याने कॅसेटी भरून आणल्या, त्या इतक्यांदा वाजवल्या की आम्हा बहिणींनाही न कळता पाठ झाल्या. त्याच्या लेखी खरा क्वीन म्हणजे 1975 चा ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’. त्यातलं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ जवळजवळ सहा मिनिटांचं. एवढं लांब गाणं रेडिओ वाजवणार नाही म्हणून सगळे घाबरले होते, आणि ते इंग्लंडात नऊ आठवडे पहिल्या नंबरावर राहिलं. त्यात ऐकू येणारा तो मोठा थोरला कोरस म्हणजे फ्रेडी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर या तिघांचेच आवाज, एकावर एक पुन्हा पुन्हा चढवलेले. टेप घासून इतकी झिजली की तिच्यातून आरपार दिसायला लागलं, असं ब्रायन मेनंच सांगितलंय. दादा हे सांगताना अगदी रंगात येतो. ‘अगं, घरच्या सुगरणीसारखं काम आहे ते, एकेक थर लावत जायचा!’ (दादाने आयुष्यात चहासुद्धा केलेला नाही.)

भाच्याला हे सगळं म्हातारं वाटतं. तो या वाटेला आला 2018 च्या सिनेमामुळे. त्याचा क्वीन म्हणजे वेम्बली स्टेडियम, 13 जुलै 1985, लाइव्ह एड. वीसेक मिनिटांचा कार्यक्रम आणि फ्रेडीच्या मुठीत हजारो माणसं. ‘आत्या, स्टुडिओत काय कोणीही थर लावेल. हे करून दाखवा म्हणावं!’ त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. ‘वी विल रॉक यू’ तर ब्रायन मेनं लोकांना वाजवता यावं म्हणूनच रचलं, दोनदा पाय आपटायचे आणि एक टाळी. आमची चार वर्षांची नात तेवढं बरोब्बर करते.

सांगलीच्या सासरी मी हे खूळ माझ्याबरोबर नेलं. तिथे त्याचं स्वागत कसं होईल याची मला धाकधूक होती, कारण सांगली म्हणजे नाट्यपंढरी. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये ‘सीतास्वयंवर’ केलं ते इथेच, आणि बालगंधर्वांचं नागठाणे याच जिल्ह्यात. घरात सकाळ-संध्याकाळ नाट्यगीतं. शेजारी मिरज, तिथे भोपळ्यातून तंबोरे-सतारी घडवणारे कारागीर. आमच्या ह्यांना क्वीनमधलं जर काही पटलं असेल तर ते एवढंच, की ब्रायन मेनं आपली गिटार वडिलांच्या मदतीने घरीच बनवली, जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरून. ‘हा माणूस मिरजेत चालला असता,’ ह्यांचा शेरा.

पण खरी गंमत केली सासूबाईंनी. लेक कॉम्प्युटरवर ‘आय वाँट टु ब्रेक फ्री’चा 1984 चा व्हिडिओ बघत होती. त्यात हे चारही बाप्ये बायकांच्या वेशात आहेत. फ्रेडी तर मिशी ठेवून, आखूड स्कर्ट घालून घरभर व्हॅक्यूम क्लीनर फिरवतोय. इंग्लंडात लोक पोट धरून हसले, कारण ती तिथल्या एका लोकप्रिय मालिकेची नक्कल होती. अमेरिकेत मात्र पुष्कळांना ते झेपलं नाही. पुरुषाने असं नटावं म्हणजे काय! सासूबाई मागे येऊन कधी उभ्या राहिल्या कळलंच नाही. मी मनात म्हटलं, आता ऐकावं लागणार. तर त्या म्हणाल्या, ‘पदर नाही, काही नाही, नुसता स्कर्ट. नारायणरावांची साडी बघायला पाहिजे होती याने. माझी आई त्यांचं बघून नेसायला शिकली.’ बस्स! तिकडे जे झेपलं नाही त्याला आमच्या घरात एवढाच आक्षेप, की नेसणं नीट नाही. भामिनी आणि सिंधू झालेल्या पुरुषाचं बघून ज्या मुलखातल्या बायका नेसायला शिकल्या, त्या मुलखाला फ्रेडी कशाला परका वाटेल?

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. आता मूळ भांडणाकडे येते. वाईच्या पडवीत दादा आणि भाचा हातघाईवर आलेले असताना माझी लेक मध्ये पडली आणि म्हणाली, ‘मामा, सगळ्यात चांगला अल्बम शेवटचा. इन्युएंडो.’ ‘इन्युएंडो’ आला फेब्रुवारी 1991 मध्ये. त्याच वर्षी 24 नोव्हेंबरला फ्रेडी गेला, पंचेचाळिसाव्या वर्षी. ‘त्याला माहीत होतं तो मरणार आहे. एड्सने अंगात काही उरलं नव्हतं, उभं राहवत नव्हतं, तरी...’

‘तो विषय नको,’ दादा म्हणाला. एकदम आवाज खाली आणून, दाराकडे बघून. आत आई झोपली होती.

पंचवीस वर्षांपूर्वी मलाही ते बरोबर वाटलं असतं. दादाची बाजूही ऐकून घ्यायला हवी. नंतर तो मला म्हणाला, ‘गाणं गाण्यासारखं ऐकावं. आजारी माणसाने म्हटलंय म्हणून चांगलं म्हणणं हा त्याचा अपमान आहे.’ यात तथ्य आहे. कीव म्हणजे काही दाद नव्हे. पण ‘द शो मस्ट गो ऑन’ ऐका. हे गाणं मुख्यतः ब्रायन मेनं रचलं, आणि त्यातल्या उंच जागा फ्रेडीला या अवस्थेत झेपतील का याची त्याला शंका होती. फ्रेडीने व्होडकाचा घोट घेतला आणि गाऊन टाकलं. ही हकिकत नंतर ब्रायन मेनंच सांगितलेली. ती माहीत नसली तरी आवाज तोच राहतो, कबूल. पण माहीत असताना ती मुद्दाम बाजूला ठेवून ऐकायचं, तर मग दादा, तू त्या झिजलेल्या टेपची गोष्ट का सांगतोस? ती चालते आणि ही चालत नाही, याचा गाण्याशी संबंध नाही. संबंध लाजेशी आहे. ‘आमच्या पाचगणीचा’ म्हणताना आपल्याला पियानो हवा, वेम्बली हवं. त्याचा पुरुष जोडीदार नको, त्याचा आजार नको.

हे मी एवढं ठासून लिहितेय, कारण मी स्वतः काय केलं ते मला आठवतं.

नव्वदच्या दशकात सांगली जिल्ह्यात हा आजार घराघरात शिरला होता आणि एकाही घराला तो मान्य नव्हता. आमच्याकडे चुलत दीर गेले ते 1997 साली. सगळ्यांना सांगितलं, टी.बी. होता. नंतर त्यांच्या बायकोची, म्हणजे माझ्या जाऊबाईंची तपासणी झाली आणि तिलाही तेच निघालं. घरात कोणी तिला वाईट बोललं नाही. फक्त तिची कपबशी वेगळी झाली. मोरीशेजारच्या फळीवर. ती कपबशी तिथे ठेवणारे हात माझे होते. दुपारी त्याच हातांनी मी दादाची कॅसेट लावत होते, ज्यावर गाणारा माणूस त्याच रोगाने गेला हे मला पुरतं ठाऊक होतं. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात कशा राहिल्या, कोण जाणे.

असं नाही की तेव्हा वेगळं वागणारं कोणी नव्हतं. आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर गोकुळनगरात ‘संग्राम’चं काम 1992 मध्येच सुरू झालं होतं. ज्या बायकांकडे शहर बोट दाखवत होतं, त्याच बायका मीना सेषूंसोबत गल्लोगल्ली जाऊन निरोध वाटत होत्या आणि आजाराबद्दल मोकळं बोलत होत्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये वेम्बलीवर फ्रेडीच्या नावाने मोठा कार्यक्रम झाला, आणि पुढे त्याच्या नावाने एड्ससाठी ट्रस्ट निघाला. दादाने पेपरातलं कात्रण कापून ठेवलं होतं. गोकुळनगराचं कात्रण आमच्याकडे नव्हतं.

आणि फ्रेडीने तरी कुठे सांगितलं? मरणाच्या आदल्या दिवशी एक निवेदन निघालं, तोवर नकारच. जगाला मुठीत धरणाऱ्या माणसाला जे सांगता आलं नाही, ते सांगलीतली विधवा सांगणार होती होय? माझ्या लेकीच्या मताशी मी सहमत आहे ते एवढ्यासाठी. ‘इन्युएंडो’ सगळ्यात सुंदर आहे की नाही यावर वाद घाला खुशाल, मलाही त्यातली दोन-तीन गाणी भरीची वाटतात. पण ते ऐकताना आवाज खाली आणून बोलायचं नाही.

जाऊबाई आहेत. सरकारने 2004 पासून औषधं मोफत द्यायला सुरुवात केली, त्यातून तगल्या. मिरजेला शिवणकाम करतात. कपबशीबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही. दिवाळीत फराळाला आल्या तेव्हा लेक तेच शेवटचं गाणं लावून बसली होती. जाऊबाईंना इंग्रजी येत नाही. चकलीचा तुकडा हातात तसाच ठेवून त्यांनी ते पुरतं ऐकलं आणि विचारलं, ‘कोण गं हा?’

लेकीने सांगितलं. सगळं सांगितलं, पाचगणीपासून. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. माझ्या तोंडात ‘तो विषय नको’ येऊन अडकलं होतं.

जाऊबाईंनी आवाजाबद्दल काही म्हटलं नाही, आजाराबद्दलही नाही. म्हणाल्या, ‘शेवटी याचं केलं कुणी?’

‘जिम हटन म्हणून त्याचा जोडीदार होता, काकू. घरीच होता शेवटपर्यंत. त्याने आणि मित्रांनी.’

‘घरी ना? मग बरं,’ त्या म्हणाल्या. ‘लाव परत.’