वही बदलताना

पोथ्यांच्या परंपरेत वाढलेल्या मराठी वाचकाला पाठभेद म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. एका हातातून दुसऱ्या हातात नकलून जाता जाता ग्रंथातील शब्द पालटतात, एखादा चरण गळतो, एखादी ओवी नव्यानेच उपटते. आणि मग शके १५०६ मध्ये नाथमहाराजांना ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करण्यास बसावे लागते. संगणकाची आज्ञावली हीदेखील एक संहिताच होय. ती निरनिराळ्या देशांतील हजारो माणसे एकाच वेळी लिहू लागली म्हणजे कोणती ओळ कोणी, केव्हा आणि का बदलली याची नोंदवही ठेवणे हे मूळ लेखनाइतकेच महत्त्वाचे काम होऊन बसते. या नोंदवहीच्या व्यवस्थेस ‘व्हर्जन कंट्रोल’ असे नाव आहे. या व्यवसायात शिरलेले आमचे माजी विद्यार्थी भेटीस येतात तेव्हा त्यांच्या तोंडी ‘गिट’ हा शब्द सारखा असतो; पण ही वही एका भांडणातून जन्मली, हे त्यांच्यापैकी थोड्यांनाच ठाऊक आहे.

हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये ‘लिनक्स’चा आरंभ केला आणि त्याची संहिता सर्वांस खुली ठेवली. पहिली दहा वर्षे दुरुस्त्या टपालाने याव्यात तशा संगणकीय पत्रांतून येत आणि हा गृहस्थ त्या स्वतः पाहून मूळ संहितेत घालीत असे. काम वाढले, पत्रे साचू लागली, काही न वाचताच राहू लागली. तेव्हा २००२ मध्ये त्याने लॅरी मॅक्व्हॉय यांच्या कंपनीची ‘बिटकीपर’ ही व्यवस्था स्वीकारली. ती खासगी मालकीची होती. मुक्त प्रकल्पांना ती विनामूल्य मिळे, परंतु एका अटीवर : वापरणाऱ्याने तिच्याशी स्पर्धा करणारे साधन तयार करू नये. मुक्त आज्ञावलीचे आद्य पुरस्कर्ते रिचर्ड स्टॉलमन यांनी यावर कडक टीका केली. उत्तम हत्यार हाताशी असता ते का वापरू नये, हा टोरवाल्ड्स यांचा सवाल होता, आणि काम झपाट्याने पुढे सरकले हेही खोटे नाही. मॅक्व्हॉय यांना या कथेतील खलपुरुष ठरविणे आम्हांस उचित वाटत नाही. त्यांनी आपल्या पोटापाण्याचे साधन तीन वर्षे फुकट वापरू दिले. मात्र फुकट मिळालेल्या वस्तूची दोरी देणाऱ्याच्या हातात राहते.

ती दोरी २००५ मध्ये ओढली गेली. अँड्र्यू ट्रिजेल हे ऑस्ट्रेलियातील नाणावलेले आज्ञावलीकार. त्यांनी बिटकीपर कधी वापरले नव्हते, म्हणून त्याची अटही त्यांना लागू नव्हती. त्यांनी त्या यंत्रणेशी साधा टेलनेटने संपर्क साधला, ‘हेल्प’ एवढाच शब्द टंकला, आणि यंत्रणेने आपल्या आज्ञांची यादी निमूटपणे पुढे ठेवली! त्यावरून त्यांनी नोंदी बाहेर काढणारे एक साधन रचले. कंपनी रागावली आणि विनामूल्य परवाना मागे घेतला गेला.

वही गेली, पण लेखन थांबविणे शक्य नव्हते. ३ एप्रिल २००५ रोजी टोरवाल्ड्स नवी व्यवस्था लिहिण्यास बसले आणि ७ एप्रिलला ती स्वतःच्याच नोंदी स्वतः ठेवू लागली होती. तिचे नाव ‘गिट’. इंग्रजी बोलीत हा शब्द नकोशा, हेकट माणसासाठी वापरतात. आपल्या कृतींना आपण आपलेच नाव देतो, असा विनोद कर्त्याने त्यावर केला. जूनमध्ये लिनक्सची २.६.१२ ही आवृत्ती याच वहीतून बाहेर पडली. जुलैअखेर त्यांनी वहीची देखभाल जुनिओ हमानो यांच्याकडे सोपविली, आणि पुढे कित्येक वर्षे ती हमानो यांनीच निष्ठेने केली.

या वहीची रचना आम्हांस विशेष मनोहर वाटते. प्रत्येक नोंदीवर चाळीस अक्षरांची मुद्रा उमटते. ती त्या नोंदीतील मजकुरावरून गणिताने निघते, आणि त्या गणितात आधीच्या नोंदीची मुद्राही धरलेली असते. त्यामुळे जुन्या पानावरचा एखादा काना जरी पालटला, तरी पुढच्या साऱ्या मुद्रा बदलतात आणि लबाडी उघडी पडते. क्षेपक ओव्या घुसडणारांची येथे डाळ शिजणे कठीण. शिवाय काम करणाऱ्या प्रत्येकाजवळ साधारणतः संपूर्ण वहीची नक्कल असते. एखादे दफ्तर जळाले म्हणून इतिहास जळत नाही.

परंतु वही बदलताना मागील नोंदींचे काय करावे, हा खरा अवघड प्रश्न. ज्यांनी शाळेचे जनरल रजिस्टर एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरविले आहे त्यांना त्याची कल्पना येईल. टोरवाल्ड्स यांनी १६ एप्रिल २००५ रोजी २.६.१२ची एक पूर्वावृत्ती नव्या वहीच्या पहिल्या पानावर मांडली आणि मागचा इतिहास हेतुपुरस्सर बाहेर ठेवला. तो घेतला असता तर सुमारे ३.२ गिगाबाइटांचे ओझे कोवळ्या व्यवस्थेवर पडले असते. पुढे वाटल्यास त्याचे वेगळे दफ्तर करता येईल, असे त्यांनी त्याच पहिल्या नोंदीत लिहून ठेवले. तसे वेगळे दफ्तर पुढे इतरांनी तयारही केले. तरी मुख्य वहीला एखादी फार जुनी ओळ दाखवून ‘ही कोणाची?’ असे विचारावे, तर उत्तर येते : लिनस टोरवाल्ड्स, १६ एप्रिल २००५. ती ओळ १९९८ मध्ये कोणा दुसऱ्यानेच रात्र जागून लिहिलेली असली तरीही! नकलकाराचे नाव कर्त्याच्या जागी बसावे, हे आमच्यासारख्या पोथीच्या अभ्यासकास खटकते. निदान मूळ दफ्तर शाबूत आहे, आणि ते नव्या वहीस मागून जोडून पाहण्याची सोयही गिटमध्ये आहे.

इतर प्रकल्पांनीही वह्या बदलल्या, पण सावकाश. ‘पायथन’ या भाषेची मंडळी २०११ मध्ये सबव्हर्जन सोडून मर्क्युरियलकडे गेली. मर्क्युरियलही २००५च्या त्याच एप्रिलात, त्याच भांडणापायी जन्मलेले, म्हणजे गिटचे भावंडच. २०१७ मध्ये हे बिऱ्हाडही गिटकडे हलले.

आणि बिटकीपर? मे २०१६ मध्ये त्याची संहिता कंपनीने सर्वांस खुली केली. तोपर्यंत अकरा वर्षे लोटली होती, आणि जगातील बहुतेक वह्या गिटमध्ये लिहिल्या जात होत्या.